साठी ओलांडलेलं बेट

जमिनीची जन्मतारीख सहसा कुणाला सांगता येत नाही. सह्याद्रीच्या काळ्या खडकाचं वय विचारलं तर भूशास्त्रज्ञ साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा आकडा सांगतात आणि त्यात हजार-दोन हजार वर्षं इकडेतिकडे झाली तरी कुणाचं काही अडत नाही. उत्तर अटलांटिकमध्ये मात्र बेसाल्टचंच एक बेट असं आहे, की त्याच्या जन्माचा दिवसच काय, वेळही नोंदलेली आहे : १४ नोव्हेंबर १९६३, सकाळचे सव्वासात. आइसलंडच्या दक्षिण किनाऱ्यापासून सुमारे ३२ किलोमीटरवर हे बेट आहे. नॉर्स पुराणकथांतल्या सुर्तर नावाच्या अग्निराक्षसावरून त्याला सुर्त्से हे नाव पडलं. तिथे कधी वस्ती झाली नाही आणि ती होऊ द्यायचीच नाही, असं आइसलंडनं फार लवकर ठरवून टाकलं.

त्या सकाळी अंधार पुरता सरलेला नसताना एक मासेमारी बोट वेस्टमन बेटांच्या नैऋत्येला होती. बोटीवरच्या आचाऱ्याला दूरवर काळा धूर दिसला. दुसऱ्या एखाद्या बोटीला आग लागली असेल, मदतीला जायला हवं, म्हणून कप्तानानं बोट तिकडे वळवली. जवळ गेल्यावर दिसलं की पेटण्यासारखं तिथे काहीच नाही. खुद्द समुद्रातूनच काळे फवारे उडत आहेत. तशा खुणा आधी दोन दिवस मिळत होत्या. एका संशोधन जहाजाला त्या भागातलं पाणी नेहमीपेक्षा गरम लागलं होतं आणि ८० किलोमीटरवरच्या विक गावातल्या लोकांना कुजक्या अंड्यांसारखा वास येत होता. पण १३० मीटर पाण्याखाली काय शिजतंय, याचा अंदाज कुणाला आला नव्हता. दुसऱ्या दिवशी लाटांच्या वर जमीन दिसू लागली.

आइसलंड हा मुळात अटलांटिक महासागराच्या मधोमध गेलेल्या भेगेवर बसलेला देश आहे. तिथे पृथ्वीच्या कवचाचे दोन भाग वर्षाला साधारण दोन सेंटीमीटरच्या वेगानं एकमेकांपासून दूर सरकतात आणि मधल्या फटीतून खालचा वितळलेला खडक वर येतो. ही घडामोड बहुतांशी समुद्राच्या तळाशी, अंधारात होते. सुर्त्सेच्या वेळी ती पृष्ठभागापर्यंत पोचली आणि मग पाणी व लाव्हा यांची गाठ पडली. तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडला की काय होतं, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इथे सुमारे ११५० अंश तापमानाच्या लाव्हावर अख्खा समुद्र येऊन पडत होता. पाण्याची क्षणात वाफ होई, त्या स्फोटात लाव्हाच्या ठिकऱ्या उडत, आणि हवेतच निवलेली ती राख व खडी विवराभोवती साचत जाई. उथळ पाण्यातल्या अशा उद्रेकांना आता जगभरचे भूशास्त्रज्ञ याच बेटाच्या नावानं ओळखतात.

पण राख आणि खडी यांच्या ढिगाऱ्याला काही बेट म्हणता येत नाही. हिवाळ्यातला उत्तर अटलांटिक असा ढिगारा काही महिन्यांत धुऊन नेतो. सुर्त्सेच्या शेजारी त्याच उद्रेकमालिकेत आणखी दोन बेटं वर आली होती, १९६५ च्या उन्हाळ्यात सिर्तलिंगुर आणि त्याच वर्षाच्या अखेरीस योल्निर. दोन्ही राखेचीच होती. उद्रेक थांबल्यावर दोन्ही बघता बघता नाहीशी झाली. सुर्त्से वाचलं त्याचं कारण ४ एप्रिल १९६४ या तारखेत आहे. तोवर विवराभोवतीची भिंत इतकी उंच आणि जाड झाली होती, की समुद्राचं पाणी आत शिरायचं बंद झालं. पाणी बंद झाल्यावर स्फोटही थांबले आणि लाव्हा निवांतपणे वाहू लागला. तो दक्षिणेकडे पसरला, थरावर थर चढले आणि राखेच्या ढिगाऱ्याला समुद्राच्या बाजूनं कठीण बेसाल्टचं चिलखत मिळालं. मधल्या विश्रांतीसह हे सगळं ५ जून १९६७ पर्यंत चाललं. उद्रेक संपला तेव्हा बेटाचं क्षेत्रफळ २.६५ चौरस किलोमीटर होतं आणि सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून सुमारे १७५ मीटरवर.

याहून चकित करणारी गोष्ट पुढे घडली, आणि तीही कसला आवाज न होता. बेटाच्या मध्यभागी लाव्हाची उष्णता शिल्लक होती. खालून गरम वाफ आणि पाणी राखेच्या ढिगातून झिरपत राहिलं. ज्वालामुखीची राख म्हणजे बारीक काच. गरम पाण्यात ती विरघळते आणि तिच्यातून नवी खनिजं तयार होऊन कण एकमेकांना चिकटतात. राखेचा असा खडक व्हायला फार मोठा काळ लागत असणार, अशी तोवरची समजूत होती. इथे १९६९ मध्येच, म्हणजे उद्रेक संपल्यावर दोन वर्षांत, तांबूस-तपकिरी पक्का खडक दिसू लागला. भूशास्त्रात त्याला पॅलागोनाइट टफ म्हणतात. १९७९ मध्ये बेटावर १८१ मीटर खोल छिद्र पाडून आतले नमुने काढले. २०१७ मध्ये शेजारीच पुन्हा छिद्रं पाडली, म्हणजे मधल्या काळात खडक कसा बदलला ते ताडून पाहता आलं. या दुसऱ्या मोहिमेत एका जुन्या कोड्यावरही प्रकाश पडला. रोमन लोकांनी ज्वालामुखीची राख आणि चुना कालवून समुद्रात बांधलेले बंदरांचे धक्के दोन हजार वर्षं लाटा झेलत उभे आहेत. त्या काँक्रीटला आतून बांधून ठेवणारी टोबरमोराइटसारखी खनिजं सुर्त्सेच्या टफमध्येही तयार होताना सापडली. आपल्या सिमेंटला खारं पाणी खातं आणि त्या बांधकामाला तेच पाणी बळकटी देत आलं, हे या बेटाच्या पोटात डोकावून कळावं याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता जीवसृष्टीकडे वळू. पण त्याआधी माणसांविषयी दोन शब्द. ६ डिसेंबर १९६३ रोजी, उद्रेक चालू असताना, एका फ्रेंच साप्ताहिकाचे तीन पत्रकार बेटावर उतरले आणि पाव तासात स्फोटांनी त्यांना पळवून लावलं. हे धाडस थोरच म्हणायचं, पण खरं शहाणपण दाखवलं ते आइसलंडच्या लोकांनी. उद्रेक संपण्याची वाटसुद्धा न पाहता १९६५ मध्येच त्यांनी बेट राखीव जाहीर केलं. पर्यटकांना बंदी, बोट लावायला बंदी, आणि माती, रोप, प्राणी काहीही नेण्याला बंदी. दर उन्हाळ्यात मोजके शास्त्रज्ञ जातात, एका लहानशा झोपडीत राहतात, कचरा परत आणतात. बी चुकून जाऊ नये म्हणून कपडे आणि बूट तपासले जातात. २००८ मध्ये युनेस्कोनं सुर्त्सेला जागतिक वारसा म्हटलं ते याच काटेकोरपणामुळे. १८८३ मध्ये क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटून तिथलं सारं जीवन संपलं. तिथेही पुढे जीवसृष्टी कशी परतली याच्या नोंदी झाल्या, पण खंडितपणे. सुर्त्सेवर पहिल्या दिवसापासून वही उघडी आहे.

आणि तरीही माणूस आपली खूण ठेवून जातोच. एकदा लाव्हाच्या खडकात टोमॅटोचं झाड उगवलेलं आढळलं. वारा, लाटा की पक्षी, कुणी आणलं असेल? शोध घेतल्यावर कळलं की बेटावर आलेल्या कुणीतरी उघड्यावर शौच केलं होतं आणि बी त्यातून रुजलं होतं. झाड उपटून टाकण्यात आलं. शेजारच्या वस्तीच्या बेटावरून आलेल्या पोरांनी लावलेले बटाटेही असेच काढून टाकावे लागले. वाचताना हसू येतं, पण त्या टोमॅटोच्या जागी एखादं आइसलंडी गवत असतं तर चूक कधीच ध्यानात आली नसती आणि पुढच्या सगळ्या नोंदींवर तिची सावली पडली असती.

मग आपणहून कोण कोण आलं? आधी एक माशी, १९६४ मध्ये, उद्रेक ऐन भरात असताना. १९६५ च्या उन्हाळ्यात वाळूवर सी रॉकेट नावाच्या वनस्पतीची रोपं दिसली. ही समुद्रकाठची झाडं. त्यांच्या बिया खाऱ्या पाण्यात तरंगत येतात आणि तरीही उगवतात. ती रोपं थोड्याच दिवसांत नव्या राखेखाली गाडली गेली. त्यांच्या मागून सी सँडवर्ट आलं आणि ते टिकलं. जमिनीला चिकटून पसरणारं, मांसल हिरव्या पानांचं हे रोप उडत्या वाळूत मुळं खोल सोडतं. वारा वाळू आणून त्याच्यावर ओततो, ते पुन्हा वर येतं, पुन्हा वाळू साठते. असं होता होता त्याच्या भोवती उंचवटा तयार होतो आणि त्या उंचवट्याच्या आडोशाला दुसऱ्या एखाद्या गवताला थारा मिळतो. बेटाच्या सपाट काळ्या वाळूवर पहिल्यांदा काही आकार उमटले ते या रोपांमुळे. शेवाळं १९६७ मध्ये आलं, दगडफूल १९७० मध्ये.

प्रवासाची साधनं पाहिली तर मन थक्क होतं. स्केट नावाचा चपटा मासा आपली अंडी चामड्यासारख्या चौकोनी पिशवीत घालतो. अशा रिकाम्या पिशव्या १९६९ मध्ये किनाऱ्याला लागल्या तेव्हा त्यांच्या खरबरीत पृष्ठभागात गवताच्या बिया अडकलेल्या होत्या. १९७४ मध्ये गवताचा एक ठोंब मुळांतल्या मातीसकट वाहत आला. तो उलगडून पाहिला तर त्यात जमिनीवरचे ६६३ जीव निघाले, बहुतेक माइट्स आणि स्प्रिंगटेल हे डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे. कुठल्या तरी बेटाचा कडा कोसळला असेल, एक ढेकूळ समुद्रात पडलं असेल आणि त्यावरची अख्खी वस्ती सुर्त्सेवर उतरली. वसंतात स्थलांतर करणाऱ्या हिमबंटिंग पक्ष्यांची पोटं तपासली तेव्हा काहींत बिया होत्या.

इतकं असूनही बेट वीस वर्षं जवळजवळ उजाडच राहिलं. या काळात वीसएक जातींच्या वनस्पती दिसल्या, पण पाय रोवता आले ते निम्म्यांनाच. बी पोचत होतं, पाऊस भरपूर होता; कमी होती ती पोटाला. नव्या बेसाल्टमध्ये लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं, थोडं फॉस्फरसही असतं. नसतो तो नायट्रोजन. खडकाची झीज होऊन माती होते हे आपण शाळेत शिकतो, पण नुसत्या झिजेनं जे तयार होतं ती वाळू. तिची माती व्हायला सजीवांची घाण आणि सजीवांचे मृतदेह लागतात.

ती घाण आणली कुरव पक्ष्यांनी. बेटावर पहिली घरटी १९७० मध्ये झाली होती, फुल्मार आणि ब्लॅक गिलेमॉट या समुद्रपक्ष्यांची. पण ते कड्याकपारीत राहतात आणि त्यांची विष्ठा बव्हंशी समुद्रातच जाते. १९८५-८६ च्या सुमारास काळ्या पाठीच्या कुरवांनी दक्षिणेकडच्या सपाट लाव्हावर वसाहत केली. हीच जात हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईच्या खाड्यांत दिसते. आपल्याकडे येतात ते तिचे सैबेरियाकडचे भाऊबंद. कुरव समुद्रात मासे पकडतात आणि घरट्यापाशी येऊन शिटतात, पिलांना भरवतात, अर्धवट खाल्लेलं टाकतात, मेलेली पिलं तिथेच कुजतात. समुद्रातला नायट्रोजन असा पंखांवरून जमिनीवर येऊ लागला. काही वर्षांत त्या जागी दाट हिरवं कुरण उभं राहिलं, आणि कुरवांची वसाहत जिथे संपत होती तिथे हिरवाईही संपत होती. आकाशातून काढलेल्या छायाचित्रात हा फरक रेघ मारल्यासारखा दिसतो.

कुरवांनी नुसतं खत दिलं नाही, बियाही आणल्या. समुद्रात उगवलेल्या बेटावर वनस्पती येणार त्या लाटांबरोबर किंवा वाऱ्याबरोबर, अशी अपेक्षा होती. पहिले पाहुणे खरोखर लाटांनीच आणले, पण पुढे आलेल्या बहुतेक जाती पक्ष्यांच्या पोटातून किंवा पायापिसांना चिकटून आल्या असाव्यात, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. २००४ पर्यंत वनस्पतींच्या ६० जाती नोंदल्या गेल्या. शिवाय शेवाळवर्गीय ७५, दगडफुलं ७१ आणि बुरशी २४. अपृष्ठवंशी प्राण्यांच्या ३३५ जाती आणि पक्ष्यांच्या ८९. विलो हे पहिलं झुडूप १९९८ मध्ये दिसलं. मला मात्र या यादीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते १९९३ मध्ये मातीच्या नमुन्यात सापडलेलं गांडूळ. त्याला उडता येत नाही, पोहता येत नाही. बहुधा एखाद्या पक्ष्यानंच शेजारच्या बेटावरून त्याला किंवा त्याच्या अंड्याला आणलं. पण ते आलं आणि जगलं, याचा अर्थ तोवर खायला पालापाचोळा आणि राहायला ओल धरणारी माती तयार झाली होती.

इथे महाराष्ट्राचा विषय आपोआप निघतो. दख्खनचं पठार असंच लाव्हाच्या एकावर एक पडलेल्या थरांचं आहे. फरक अर्थात मोठे आहेत : आपला लाव्हा जमिनीवर, लांबच लांब भेगांमधून, अफाट प्रमाणात वाहिला. पण घाटातल्या रस्त्यासाठी फोडलेल्या कड्याकडे नीट पाहिलं तर दोन काळ्या थरांच्या मध्ये कधी कधी विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. पुष्कळ ठिकाणी तो म्हणजे एक उद्रेक संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या काळात हवापाण्यानं कुजलेला खडक, पुढच्या लाव्हानं वरून भाजलेला. काही उसंत तर इतक्या लांबल्या की मध्ये तळी झाली आणि त्यांत जीव नांदले. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच दोन उद्रेकांमधल्या गाळाच्या खडकात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडलेले आहेत. ते बेडूक त्या काळ्या ओसाडीवर कसे पोचले, त्यांच्या आधी कोण आलं, माती कुणी केली, हे वरळीचा दगड सांगू शकत नाही. त्यात फक्त शेवटचं पान उरलं आहे. सुर्त्से आपल्याला पहिली पानं वाचू देतं, आणि म्हणून बेसाल्टवर घरं बांधून राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी या दूरच्या बेटाची चौकशी करायला हवी, असं मला वाटतं.

कुरणामुळे किडे वाढले आणि किड्यांवर जगणारे पक्षी घरटी करू लागले. समुद्रपक्ष्यांतही भर पडत होती; २००४ मध्ये पफिनचं घरटं सापडलं. हा रंगीत चोचीचा, गुबगुबीत पक्षी मातीत बीळ खणून अंडं घालतो. आइसलंडच्या जुन्या बेटांवर त्याला मऊ, गवताळ माती मिळते. सुर्त्सेवर त्यानं कड्यांतल्या फटी धरल्या. उत्तरेकडे आणखी वेगळं जग आहे. दक्षिणेच्या कड्यांचे तोडलेले दगड लाटा बेटाला वळसा घालून उत्तरेला नेतात, तिथे त्यांची सखल जिभेसारखी पट्टी तयार झाली आहे. १९८३ पासून सील तिथे पिलं घालतात. सीलच्या विष्ठेनं त्या गोट्यांतही थोडी हिरवळ धरली आहे, आणि सीलच्या शिकारीसाठी ओर्का देवमासे भोवतालच्या पाण्यात फिरतात.

हे सगळं चालू असताना बेट झिजतं आहे. हिवाळ्यात नैऋत्येकडून येणाऱ्या लाटा लाव्हाच्या थरांखालची सैल राख खणून काढतात, वरचा बेसाल्ट अधांतरी होतो आणि त्याचे कडे ढासळतात. राखेचा भाग वारा आणि पाऊस नेतो, शिवाय सगळा ढीग आपल्याच वजनानं थोडा खचला आहे. उंची आता सुमारे १५५ मीटर उरली आहे. २.६५ चौरस किलोमीटरपैकी निम्म्याहून अधिक जमीन समुद्रानं परत घेतली. आधीच्या वर्षांत ही तूट झपाट्यानं होत होती. आता समुद्र कठीण गाभ्याच्या जवळ येत चालला आहे, तसा तिचा वेग मंदावला आहे.

शेवटी कोणता भाग उरेल, याचा अंदाज आजच बांधता येतो, कारण वेस्टमन बेटांत सुर्त्सेची वडीलधारी भावंडं उभी आहेत. त्यांच्याभोवतीचा लाव्हा केव्हाच गेला. टफचे उभे सुळके तेवढे उरले, माथ्यावर पक्ष्यांच्या खतावर पोसलेलं जाड गवत आणि त्यात पफिनची बिळं. वनस्पतींच्या जाती तिथे मोजक्याच आहेत. म्हणजे सुर्त्सेवर आज जितकी विविधता आहे तितकी पुढे राहणार नाही. वाळूत वाढणाऱ्या सँडवर्टची जागा जाईल, कुरवांच्या वसाहतीखालची सपाट लाव्हाभूमी जाईल, सीलची उत्तरेकडची सखल पट्टी तर त्याही आधी. दोन वर्षांत घट्ट झालेला तो तपकिरी टफ मात्र आणखी हजारो वर्षं टिकेल असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे, आणि तोवर दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी तिथे जाऊन कोणतं रोप नवं आलं नि कोणतं गेलं हे वहीत लिहीत राहील.